गाडीचं काम स्वतः करायचं की गॅरेजला द्यायचं? रेघ कुठे ओढता?

सह्यवारा (पुणे)

नमस्कार मंडळी,

फुकटच्या सर्व्हिसिंग संपल्या की प्रत्येक गाडीवाल्यापुढे हा प्रश्न येतो. बिलात माल किती, मजुरी किती आणि ज्याची गरजच नव्हती ते किती, याचा पत्ता लागत नाही. मग एक तर माणूस निमूट पैसे भरतो, नाहीतर यूट्यूब बघून थेट ब्रेक उघडायला बसतो. मला दोन्ही पटत नाहीत.

आमच्या पेट्रोल हॅचबॅकची बारीकसारीक कामं मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये स्वतः करतो, मोठी कामं एका जुन्या मिस्त्रींकडे देतो. माझं ठाम मत असं की पैसे किती वाचतात यावरून रेघ ओढूच नये. चुकलं तर काय होईल, यावरून ओढावी. चुकलं तर गाडी फक्त सुरू होणार नाही, असं काम घरी शिकायला काहीच हरकत नाही. चुकलं तर गाडी थांबणार नाही किंवा वळणार नाही, ते काम ज्याचा हात रोज त्यातच असतो त्याच्याकडे.

घरच्या कामांत पहिला नंबर एसीच्या फिल्टरचा. बऱ्याच गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. दोन्ही बाजू आत दाबल्या की बॉक्स खाली लटकतो, मागे एक चपटं झाकण दिसतं, ते काढलं की फिल्टर हातात. फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो जुन्याचा जसा होता तसाच ठेवायचा. एसी कमी थंड करतोय म्हणून गॅस भरून घेणाऱ्या कितीतरी जणांचा फिल्टर फक्त धुळीने गच्च भरलेला असतो. आणि गॅस दरवर्षी भरावा लागतो हा समज डोक्यातून काढून टाका. ती बंद यंत्रणा आहे. गॅस वारंवार कमी होत असेल तर कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधायला सांगा.

दुसरं बॅटरीचं. टर्मिनलवर पांढरट-हिरवी पूड जमली की सेल्फ मारताना 'कट्' आवाज येऊन गाडी गप्प बसते, आणि लोक नवी बॅटरी घेऊन मोकळे होतात. गाडी बंद करा. आधी काळी वायर, म्हणजे ऋण टोक सोडवा, मग लाल. जोडताना उलट, लाल आधी आणि काळी शेवटी. कारण साधं आहे. काळी जोडलेली असताना लाल टोकावरचा पाना चुकून बॉडीला टेकला तर थेट शॉर्ट होतो, आणि त्या ठिणगीत पानासुद्धा वितळतो. गरम पाण्यात खायचा सोडा घालून टर्मिनल ब्रशने घासा, कोरडं पुसा, घट्ट आवळा, वरून पेट्रोलियम जेली लावा. व्होल्ट मोजणारा पाचेकशे रुपयांचा मल्टिमीटर घरात असू द्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दिसली तर पूर्ण चार्ज, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. इंजिन चालू केल्यावर १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे दिसत नसतील तर दोष बहुधा अल्टरनेटरच्या, म्हणजे गाडी चालू असताना बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या बाजूला आहे, आणि नवी बॅटरीही चार दिवसांत बसेल.

एअर फिल्टर, वायपर, बल्ब, फ्यूज, कूलंटची पातळी, टायरची हवा ही कामं तर कोणीही करावीत. फक्त इंजिन गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, हात-तोंड भाजतं.

तुम्ही काय काय घरी करता? आणि कुठे थांबता?

मृण्मयी_नाशिक

छान धागा. मी नोकरी आणि घर सांभाळून पाना हातात घेईन असं वाटत नाही, पण एक ताजा अनुभव सांगते.

सर्व्हिस सेंटरला (नाव नको) साधी सर्व्हिसिंग सांगितली, तर फोनवर यादी आली. इंजिन फ्लश, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, एसीचं निर्जंतुकीकरण, अंडरबॉडी कोटिंग. आणि वर, 'मॅडम, डाव्या ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटलाय, पूर्ण शाफ्ट असेंब्ली बदलावी लागेल.' आकडा पाच अंकी. मी फक्त ऑइल, फिल्टर आणि वॉशिंग करून गाडी परत आणली. आता चैन पडत नाहीये. हा बूट म्हणजे नेमकं काय? गाडी चालवणं धोक्याचं आहे का? गाडीला कसलाही आवाज नाही.

निवृत्त_फिटर

मृण्मयीताई, शाफ्टबद्दल गॅरेजवाले जास्त नेमकं सांगतील. मी मूळ विषयावर लिहितो. मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालो. आयुष्य गाड्यांच्या खालीच गेलं, म्हणून कळकळीने सांगतो.

गाडीबरोबर येणारा जॅक हा फक्त चाक बदलण्यासाठी असतो. त्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं, हात, काहीही घालायचं नाही. एक मिनिटासाठीसुद्धा नाही. खाली शिरायचं असेल तर सपाट, टणक जमीन हवी, बॉडीला नेमून दिलेल्या जागी दोन स्टँड हवेत, जमिनीवरच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत. मग खांद्याने जोर लावून गाडी हलवून बघायची. हलली तर खाली जायचं नाही. पावसात भिजलेल्या मातीवर किंवा डांबर मऊ झालेल्या रस्त्यावर तर जॅकखालीही फळी टाका.

दुसरं, चाकाचे नट. गोलात एकापाठोपाठ एक आवळू नका, समोरासमोर आवळा. आधी हाताने आटे बसवून घ्या, मग चाक जमिनीला टेकल्यावर शेवटचा ताण द्या. पान्यावर उभं राहून आवळायची गरज नसते. तसं केलं तर घाटात पंक्चर झाल्यावर तुमच्याच घरातल्या माणसाला तो नट सुटत नाही. पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघा.

सह्यवारा यांनी ओढलेली रेघ मला मान्य आहे. ब्रेक, स्टिअरिंग, सस्पेन्शन घरी नको. त्यात एअरबॅगही घाला. स्टिअरिंगखाली किंवा सीटखाली पिवळी वायर, पिवळा कनेक्टर दिसला की हात मागे घ्यायचा. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांतल्या नारिंगी जाड केबललाही तोच नियम.

कऱ्हाडचा_शेतकरी

काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत.

माझ्या गाडीचे पुढच्या ब्रेकचे डिस्क पॅड मी स्वतः बदलतो. आमच्याकडे ट्रॅक्टर, पंप, गाडी, सगळ्याला घरचाच पाना लागतो. मिस्त्री तालुक्याच्या गावाला, तो मोकळा असेल तेव्हा. आणि ज्या गॅरेजला ब्रेक द्या म्हणता, तिथे तुमच्या गाडीला हात कोण लावतो हे कधी बघितलंय का? मोठा मिस्त्री इंजिनावर असतो. चाक खोलून पॅड टाकतो तो सहा महिन्यांपूर्वी लागलेला पोरगा. त्याला संध्याकाळपर्यंत आणखी चार गाड्या सोडायच्या असतात. मी माझ्या गाडीला अख्खी सकाळ देतो, कारण त्याच गाडीतून माझी पोरं आंबा घाट उतरणार असतात. घरी की गॅरेजला यापेक्षा, काम करणाऱ्याला ते येतं का आणि त्याच्याकडे वेळ आहे का, हे बघायला हवं.

निवृत्त_फिटर

तुमचा मुद्दा खरा आहे, नाकारत नाही. वर्कशॉपमध्येही नव्या मुलाने केलेलं ब्रेकचं काम दुसऱ्याने तपासल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नसे. घरी तो दुसरा माणूस नसतो, एवढंच माझं म्हणणं.

तुम्ही करताच, तर या गोष्टी करत असालच, पण इतरांसाठी लिहितो. कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा भाग, त्याच्या रबरी नळीवर लटकत ठेवायचा नाही, तारेने स्प्रिंगला बांधायचा. कॅलिपरमधला पिस्टन मागे ढकलताना वर डब्यातलं ब्रेक ऑइल चढतं, ते रंगावर सांडू द्यायचं नाही, रंग जातो. स्लाइड पिना साफ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं, साधं नाही. पॅडच्या तोंडाला तेलकट बोट लागलं तरी तो पॅड बिघडला समजा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. काम झालं की गाडी हलवण्याआधी जागेवरच पेडल दाबत राहायचं, घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिलं पेडल थेट तळाला जातं. हे विसरून गाडी रिव्हर्स घेतलेला माणूस मागच्या भिंतीवरच थांबतो. बराच वेळ दाबूनही पेडल मऊच लागत असेल तर लाइनमध्ये हवा आहे, तेव्हा गाडी काढायचीच नाही.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. ओल शोषलेलं ऑइल लांब उतारावर तापून उकळलं की पेडल पोकळ होतं. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचंच, गाडी कमी चालली असली तरी.

ढवळे_पाने (इचलकरंजी)

मी गॅरेजवाला. बराच वेळ वाचत होतो, आता लिहितो.

आधी मृण्मयीताईंचं. ड्राइव्ह शाफ्ट म्हणजे गिअरबॉक्सची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा. त्याच्या टोकाला सांधा असतो, त्यात ग्रीस असतं आणि ते ग्रीस आत राहावं, धूळ-पाणी बाहेर राहावं म्हणून वरून रबराचं चुणीदार आवरण असतं. तो बूट. तो फाटला की ग्रीस उडून रिमच्या आतल्या बाजूला काळे शिंतोडे दिसतात. स्टिअरिंग पूर्ण वळवा, चाक बाहेर येतं, मोबाइलचा टॉर्च मारून मागे बघा. मग मोकळ्या मैदानात स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून सावकाश गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूला. टकटक-टकटक आवाज आला तर सांधा झिजलाय, तो बदलावाच लागेल. आवाज नसेल आणि फाटून फार दिवस झाले नसतील तर शाफ्ट काढून, सांधा धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट टाकला की काम झालं. बूटचं किट वेगळं मिळतं. गाडी आज बंद पडणार नाही, पण पावसाळ्यात महिनाभर तशीच फिरवलीत तर पाणी-चिखल आत जाऊन शाफ्टचाच खर्च येईल. सेंटरवाले खोटं बोलले असं मी म्हणणार नाही. बऱ्याच ठिकाणी सांधा उघडत बसायला वेळच देत नाहीत, असेंब्ली काढली, असेंब्ली टाकली.

आता धाग्याबद्दल. सह्यवारा, एअर फिल्टर-बॅटरी घरी करा, मला आनंद आहे. पण हल्ली घरी ऑइल बदलायचं खूळ आलंय, ते मला पटत नाही. इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणारं अॅल्युमिनियमचं भांडं असतं, त्याचा ड्रेन नट जास्त आवळला की आटे जातात. नटाखालचा वॉशर जुनाच ठेवला की थेंब-थेंब गळती. आणि जुनं ऑइल कुठे टाकणार? ते घातक कचऱ्यात मोडतं. गटारात, मातीत टाकलं की विहिरीला जातं. आमच्याकडे पिंप भरलं की अधिकृत घेणारा नेतो. तुमच्याकडे तीन लिटरचा डबा बाल्कनीत पडून राहतो.

शिवाय ऑइल बदलण्यात आमची कमाई फारशी नाही, आणि तुमची बचतही नाही. खरा फायदा गाडी रॅम्पवर चढते हा आहे. ऑइल निथळेपर्यंत मी टॉर्च घेऊन खालून फिरतो. बूट फाटलाय, लोअर आर्मचं बुश चिरलंय, टायर आतल्या कडेने खाल्लाय, सायलेन्सरची रबरं सुटलीत. मृण्मयीताईंचा बूट असाच दिसला असणार. घरी ऑइल बदलणाऱ्याला हे दिसत नाही.

आणखी एक. डिझेल गाडी २०२० नंतरची, म्हणजे प्रदूषणाच्या बीएस-६ नियमांची असेल तर तिच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारा फिल्टर आहे. त्याला कमी राखेचं ऑइल लागतं. दुकानदार म्हणाला 'हेपण चालतं' म्हणून स्वस्तातलं टाकलंत तर तो फिल्टर हळूहळू चोंदतो, आणि त्याची किंमत ऐकून घाम फुटतो. मॅन्युअलमध्ये ग्रेडबरोबर स्पेसिफिकेशनही लिहिलेलं असतं, दोन्ही जुळवा.

पार्ट स्वतः आणून देणाऱ्यांनाही सांगतो. आणा, मी बसवतो. पण मग पार्टची जबाबदारी माझी नाही, हे आधीच ठरवू. नाना पेठेतून पाकिटावर कंपनीचं नाव छापलेला डुप्लिकेट फिल्टर आणला आणि तो फुटला, तर भांडण माझ्याशी का?

जर्सीकर

इथे अमेरिकेत गणितच वेगळं. चांगल्या शॉपची मजुरी तासाला शंभर-दीडशे डॉलरच्या पुढे सहज जाते, त्यामुळे गल्लीतले निम्मे लोक शनिवारी गराजमध्ये असतात. ऑटोझोनसारख्या पार्टच्या दुकानांत अनामत ठेवून खास अवजारं काही दिवसांसाठी मिळतात, काम झाल्यावर परत केली की पैसे परत. आणि ढवळे_पाने म्हणाले तो प्रश्नही तिथेच सुटतो, जुनं ऑइल बरीच दुकानं फुकट घेतात. भारतात पार्टच्या दुकानाने एवढी एक सोय केली तरी फार मोठं काम होईल.

बाबा पुण्यात गाडी वापरतात. त्यांना मी सुट्टीत ओबीडी स्कॅनर नेऊन दिला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचा, मोबाइलवर बिघाडाचा कोड येतो. इंजिनाचा पिवळा दिवा लागला की गॅरेजला जायच्या आधी त्यांना कळतं की मिसफायर आहे की सेन्सर. फक्त कोड म्हणजे निदान नव्हे. पी०४२० हा कोड आला म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा भागच गेला असं नाही, मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा एक्झॉस्टची गळतीही असू शकते.

राईनकाठ

जर्मनीत रस्त्यावर गाडी खोलून बसायची सोय नाही, ऑइल-बिइल तर नाहीच. पण तासावर भाड्याने मिळणारी वर्कशॉप आहेत. लिफ्ट, अवजारं, जुन्या ऑइलचं पिंप, सगळं तिथेच, आणि अडलं तर विचारायला जाणकार माणूस. दर दोन वर्षांनी गाडीची सक्तीची तपासणी असते, त्यात ब्रेक-स्टिअरिंग तिसरा माणूस बघतो. फिटरकाकांनी सांगितलेला 'दुसरा माणूस' इथे कायद्यानेच दिलाय. पुणे-नाशिकच्या एमआयडीसीत कोणी अशी भाड्याची जागा काढली तर चालेल, असं मला मनापासून वाटतं.

सागरगोटा (रत्नागिरी)

कोकणातल्यांसाठी घरच्या कामांची यादी वेगळी आहे, तेवढंच लिहितो.

पावसाळ्याआधी बॉनेट उघडा. काचेखाली, वायपरच्या बुडाशी जाळी असते, तिथे आंब्या-फणसाची पानं अडकतात. खाली पाणी जायची भोकं असतात, ती तुंबली की पाणी थेट गाडीत, पायाखालच्या मॅटखाली साचतं. वास येईपर्यंत कळत नाही, आणि खाली वायरिंगचे कनेक्टर असतात ते हिरवे पडतात. तारेने भोसकू नका, हाताने पानं काढा आणि मगभर पाणी ओता. चाकाच्या मागून खाली पडताना दिसलं पाहिजे.

दुसरं उंदीर. उभ्या गाडीत शिरून वायरी कुरतडतात. गाडी आठवडाभर उभी असेल तर काढण्याआधी बॉनेट उघडून बघायची सवय लावा. कुरतडलेली वायर पिळून टेप मारणं हा उपाय नव्हे, पहिल्या पावसात ती पुन्हा बोलते. सोल्डर करून वर आकसणारी नळी चढवणारा इलेक्ट्रिशियन शोधा.

वाचनमात्र_पंढरी

मला वॉरंटीची भीती वाटते. स्वतः काही केलं तर कंपनी हात वर करेल ना?

सह्यवारा (पुणे)

वॉरंटीत असेपर्यंत ठरलेल्या सर्व्हिसिंग त्यांच्याकडेच करा आणि बिलं जपून ठेवा, असंच मी सांगेन. वायपर, एसी फिल्टर, टायरची हवा यांनी काही बिघडत नाही. वायरिंग कापून हॉर्न-लाइट लावणं मात्र टाळा, वाद तिथेच होतात.

वॉरंटी संपल्यावर गाडी तुमची आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५०० कोटींवर दंड केला होता, कारण सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नव्हती. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण मुद्दा तेव्हापासून ऐरणीवर आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल काढलं, त्यात वाहनंही आहेत.

हे मी एवढं सांगतोय कारण ढवळे_पाने यांच्यासारखी माणसं टिकली पाहिजेत. आज आपल्याकडे घर, नाक्यावरचं गॅरेज आणि कंपनीचं सेंटर असे तीन पर्याय आहेत म्हणून आपण निवड करू शकतो. स्कॅनर आणि पार्ट फक्त कंपनीच्याच हातात राहिले तर नाक्यावरचा मिस्त्री संपेल, आणि मग घरी की गॅरेजला हा धागाच उरणार नाही.

कऱ्हाडकर दादा, तुमचं 'काम करणाऱ्याला येतं का आणि वेळ आहे का' हे मी माझ्या नियमाला जोडून घेतो. ऑइलबद्दलही पटलं, रॅम्पवरून खालून बघण्याचं मोल मोठं आहे. मी एक पाळतो, तेही सांगतो. बदललेला प्रत्येक जुना पार्ट परत मागतो. काम सांगतानाच मागायचा, बिल देताना नाही. चांगला मिस्त्री स्वतःच हातात घेऊन दाखवतो, हे बघा इथे झिजलंय म्हणून.

ढवळे_पाने (इचलकरंजी)

जुना पार्ट मागाच. आणि तक्रार सांगताना 'गाडी आवाज करते' एवढंच सांगू नका. थंड असताना की गरम झाल्यावर, कितीच्या स्पीडला, ब्रेक दाबल्यावर की क्लच सोडताना, वळताना कुठल्या बाजूला. एवढं सांगितलंत की माझा अर्धा तास वाचतो, आणि तो तुमच्या बिलातूनच वाचतो.

मृण्मयी_नाशिक

सर्वांचे आभार. रविवारी ईदगाह मैदानाजवळ मोकळ्या जागेत गाडी दोन्ही बाजूंना गोल फिरवली. टकटक नाही. टॉर्च मारून पाहिलं, डाव्या रिमच्या आतून काळे शिंतोडे आणि बूटच्या एका चुणीला बोटभर चीर. फोटो काढले.

सातपूरला ओळखीतून एक मिस्त्री मिळाले, फोटो दाखवले. 'आवाज नाही ना, मग सांधा धुऊन बघू, आतल्या लोखंडी चेंडूंवर खड्डे असतील तर सांगतो, नसतील तर बूटच टाकू,' म्हणाले. सांधा उघडल्यावर मला बोलावून दाखवला. चेंडू गुळगुळीत होते. किट, ग्रीस, गिअर ऑइलची भर आणि मजुरी धरून सेंटरच्या आकड्याच्या जेमतेम एक दशांश झाले. फाटका बूट डिकीत ठेवलाय.

निवृत्त_फिटर

ताई, शाफ्ट काढताना मधला मोठा नट सुटलेला असतो. आठवडाभराने मिस्त्रींकडे जाऊन त्याचं लॉक आणि चाकाचे नट एकदा बघून घ्या. आणि त्या बाजूला जमिनीवर ऑइलचा डाग पडतोय का, ते सकाळी गाडी काढल्यावर बघत राहा. शाफ्ट आत-बाहेर होताना गिअरबॉक्सचं सील कधी कधी दुखावतं.